फॅमिली रूमचा पडदा काढा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागे एका रविवारी आपल्या पुरवणीत राजस्थानच्या वाळवंटात मोटारसायकलवरून हिंडून आलेल्या जोडप्याचा लेख होता. वाळूच्या टेकड्या, उंट आणि संध्याकाळी एका बारमध्ये दोघे टेबलाशी समोरासमोर बसलेले, असे फोटो होते. आमच्या ह्यांनी तो अंक चहाच्या वेळी माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "असला माळ आपल्याकडं काय कमी आहे? चल, एक दिवस माणदेश करून येऊ." फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही जाऊन आलो. त्या दिवशी जे पाहिले ते सांगावे आणि जे मिळाले नाही ते मागावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, तरी शक्यतो कापू नये ही विनंती.

मी बासष्ट वर्षांची आहे. अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून नोकरी केली, २०२१ साली निवृत्त झाले. नोकरीची सात वर्षे आटपाडी तालुक्यात गेली, तीही एसटीने आणि पायी. हे एसटीच्याच वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. मुलगा पुण्याला गेला तेव्हा त्याची बुलेट आमच्या दारात राहिली. हे तिला दर आठवड्याला पुसतात, चालू करतात, पण विश्रामबाग ते गणपती मंदिर यापलीकडे ती कधी गेली नव्हती. लग्नाला अडतीस वर्षे झाली. एवढ्या वर्षांत मी गाडीवर एका बाजूला पाय सोडून बसत आले. या वेळी सुनेचा पंजाबी ड्रेस घातला, दोघांनीही हेल्मेट घातले आणि दोन्हीकडे पाय टाकून बसले. तासगाव येईपर्यंत अवघडल्यासारखे झाले, नंतर कळले की इतकी वर्षे आपण उगाच कंबर मोडून घेतली.

पहाटे पावणेसहाला निघालो. तासगावात गणपतीच्या गोपुरावर नुकते ऊन आले होते. पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेड. बेदाणा वाळायला घातला की एक आंबटगोड वास हवेत असतो, तो हेल्मेटची काच वर केल्याशिवाय कळत नाही. विट्यात चहा घेतला. विटा स्टँडवर महिलांसाठी स्वच्छतागृह आहे, ते मी वापरून घेतले, कारण पुढचा रस्ता मला माहीत होता. खानापूरचा घाटमाथा लागला, लांब पवनचक्क्या दिसू लागल्या आणि भिवघाटाच्या पुढे आमचा माळ सुरू झाला.

सहलीला जाणारी माणसे कोकणात जातात, महाबळेश्वरला जातात. माणदेश कुणी पाहायला जात नाही, म्हणून त्याच्याबद्दल थोडे लिहू द्या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला आलो की तो पाचशेच्या आसपास उरतो, एखाद्या वर्षी तेवढाही नाही. ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, पलीकडचे सांगोले, हे सगळे या पर्जन्यछायेतले तालुके. मी नऊ वर्षांची होते तेव्हा, १९७२ साली, आमची आई याच पट्ट्यात दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि संध्याकाळी पदरात सुकडी बांधून आणायची. म्हणून माळ सुंदर आहे असे मी लिहिते तेव्हा त्याचे दुःख मला माहीत नाही असे कुणी समजू नये.

पण तो सुंदर आहे. फेब्रुवारीत कुसळी गवत पिकून सोन्यासारखे होते. त्यातून तांबडा मुरूम डोकावतो आणि काळे खडक पाठ वर काढून बसलेले असतात. तरवडाची पिवळी फुले अजून होती. हिवर, बोर, बाभूळ, बांधावर घायपात. ह्यांनी गाडी बंद केली आणि एकदम कान मोकळे झाले. चंडोल सरळ वर चढत गेला, दिसेनासा झाला, तरी वरून गातच होता. एक धाविक पक्षी गवतातून पाच-सहा पावले पळायचा, थांबायचा, पुन्हा पळायचा. मेंढरांचा कळप गेला, मागे घोड्यावर धनगराचे बिऱ्हाड, घोड्याच्या पाठीवर भांडी, कोंबड्या आणि एक झोपलेले मूल. सरकारी कागदावर अशा जमिनीला 'पडीक' म्हणतात. त्या पडीक जमिनीवर मेंढरे जगतात, लांडगा जगतो, खोकड जगते. तिथे झाडे नाहीत म्हणून ती मेलेली नाही, गवत हीच तिची दौलत आहे. मी सात वर्षे याच वाटेने गेले आणि तेव्हा एसटी चुकेल या धास्तीत एकदाही थांबून पाहिले नव्हते.

साडेनऊ झाले. चहाच्या टपऱ्या मागे गेल्या होत्या आणि तिथे बसायला काही नव्हते. रस्त्याकडेला एक हॉटेल दिसले. पाटीवर मोठ्या अक्षरात 'परमिट रूम व बिअर बार', खाली 'शाकाहारी-मांसाहारी' आणि त्याखाली लाल अक्षरात 'स्वतंत्र फॅमिली रूम'. नाव लिहीत नाही, कारण हे एका हॉटेलचे गाऱ्हाणे नाही. आम्ही आत गेलो. हॉल रिकामा होता, सहा टेबले आणि मोठ्या खिडक्या. मी खिडकीपाशी बसणार इतक्यात पोऱ्या धावत आला, "वयनी, हितं नगो, फॅमिली मागं." मागे म्हणजे एक बोळ, त्यात प्लायवूडचे चार कप्पे, प्रत्येकाला मळका पडदा. खिडकी नाही. सकाळी साडेनऊला ट्यूबलाइट लावावी लागली. फिनेलचा आणि शिळ्या कांद्याचा वास. ज्या माळासाठी आम्ही सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर आलो, तो भिंतीपलीकडे उन्हात पडला होता आणि मी प्लायवूडकडे बघत पोहे खात होते.

मी पोऱ्याला विचारले, हॉल रिकामा आहे, तिथे का नाही? तो बिचारा म्हणाला, "गिऱ्हाईक आलं की तुमाला बरं वाटणार न्हाई." त्याचा हेतू चांगला होता. पण पडद्याआड बसलेली बाई ही लपवून आणलेली बाई वाटते. मी लग्नाच्या नवऱ्याबरोबर उजेडात बसून चहा प्यायला आले होते. पडदा बाईच्या अब्रूसाठी लावला म्हणतात, त्याच पडद्याने तिच्यावर संशय येतो.

मग मी स्वच्छतागृह विचारले. पुरुषांसाठी हॉटेलच्या बाजूला तीन फुटांची भिंत घालून मुतारी केली होती. बायकांसाठी काही नव्हते. पोऱ्या संकोचून म्हणाला, "मागं माळ हाय की, वयनी." फेब्रुवारीतल्या माळावर गुडघाभर गवताशिवाय आडोसा नसतो आणि रस्ता उंचावर आहे. मी परत आले.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात एक बाई दिसल्या. चाळिशीच्या असतील. चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या, बाजूला पंधरा-वीस भाकऱ्यांची चळत. मी त्यांच्याशेजारी टेकले. बोलता बोलता विचारले, तुम्ही कुठे जाता? त्यांनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "दिवसा न्हाई जात. सकाळी सातला येते, रातीला धा वाजता घरी. पाणीच पीत न्हाई लई." पोटात दुखते का विचारले तर म्हणाल्या, जळजळ होते, अधूनमधून ताप येतो, गोळी घेतली की जातो.

संपादक महोदय, मी पस्तीस वर्षे गावोगावच्या बायकांना सांगत आले की पाणी भरपूर प्या, लघवी तुंबवू नका, त्याने जंतुसंसर्ग होतो, किडनीपर्यंत जातो. गरोदर बायकांना तर हात धरून सांगितले. आणि स्वतः काय केले? आटपाडीच्या सात वर्षांत भेटीच्या दिवशी मी घरून निघताना अर्धा कप चहा घेत असे, पाण्याची बाटली भरून न्यायची आणि तशीच भरलेली परत आणायची. उन्हाळ्यातही. तीस वर्षांनी त्याच रस्त्यावर मी दुसऱ्या बाईच्या तोंडून माझेच वाक्य ऐकत होते. सहल म्हणून निघाले होते, पण त्या चुलीपाशी मला रडू आले. त्यांनी मला पाण्याचा तांब्या दिला आणि मी तो घ्यायला कचरले, हेही त्यांच्या लक्षात आले. त्या नुसत्या हसल्या.

पुढे खरसुंडीला सिद्धनाथाचे दर्शन घेतले. देवळात गर्दी नव्हती. आटपाडीत शनिवारचा बाजार भरला होता. शेळ्या-मेंढ्यांचा हा बाजार ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा तरी पाहावा. जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढरे तिथे होती, उंच, लांब पायांची, पोपटासारखे बाकदार नाक. व्यापारी उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव करत होते. हे त्यात इतके रमले की मला त्यांना ओढून आणावे लागले. आटपाडीच्या शिवारात मला ओळखू येईना एवढा बदल झाला आहे. कृष्णेचे पाणी टेंभूहून टप्प्याटप्प्याने उचलून इथवर आणले आहे. जिथे मी भेगा पडलेली रानं पाहिली होती तिथे ऊस उभा होता, डाळिंबाच्या बागांवर पांढरी कापडं घातली होती. मला मनापासून आनंद झाला. पाणी सत्तर-ऐंशी किलोमीटरवरून डोंगर चढून येऊ शकते, हे ज्यांनी करून दाखवले त्यांना चार भिंती आणि एक नळ अवघड नाही, हेही तेव्हाच मनात आले.

दिघंचीकडून राजेवाडीचा तलाव पाहिला. १८७६ च्या मोठ्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून माण नदीवर इंग्रजांनी हे धरण बांधायला घेतले. कडेला चिखलात पाणपक्षी होते. तिथून म्हसवड. नदीच्या पात्रात पाणी नव्हते. आपल्याकडे नदीकाठच्या रेतीलाच वाळवंट म्हणायची रीत आहे, चंद्रभागेचे वाळवंट म्हणतो तसे. ही माण पंढरपूरच्या पुढे त्याच भीमेला मिळते. पण माणचे वाळवंट आता वाळवंट राहिलेले नाही. लहानपणी मी इथे सिद्धनाथाच्या रथाला आले होते तेव्हा पाय रुतायचे. आता खडक आणि खड्डे, वाळू ट्रॅक्टरने गेली. ह्यांना मी म्हटले, तुम्ही मला वाळवंट दाखवायला आणले आणि वाळवंटातली वाळूच कुणी नेली.

म्हसवड सोडल्यावर दोन वाजत आले होते. पुन्हा तेच, जेवायला बसायचे तर परमिट रूम. एका हॉटेलपुढे गाडी लावली. मी मनाची तयारी करूनच आत गेले. गल्ल्यावर निवृत्त फौजी बसले होते, मिशा आणि बसण्याची ढब यावरून ओळखू येतच होते. मी काही बोलायच्या आधी ते उठले, खिडकीजवळचे टेबल स्वतः पुसले आणि म्हणाले, "इथं बसा ताई. माळ दिसतोय." शेजारच्या टेबलावर तिघे जण बिअर घेऊन बसले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिले, आवाज जरा खाली केला, एवढेच. थोड्या वेळाने त्यातल्या एकाने ह्यांना विचारले, "काका, बुलेट कितीचं मॉडेल?" आणि मग अर्धा तास गाडीच्या चेनवर आणि क्लचप्लेटवर बोलणे चालले. मला बरे वाटणार नाही असे काहीच घडले नाही.

शनिवार असल्याने हे सामिष घेत नाहीत. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा आला. माडगं इतके चांगले होते की मी दुसऱ्यांदा मागितले. आणि पाणी प्याले, तीन पेले. कारण हॉटेलच्या मागे महिलांचे स्वच्छतागृह होते. आतून कडी, दिवा, नळ, बादली, वर झरोका. दाराला कुलूप नव्हते. त्या दिवसात मला सगळ्यात जास्त आवडलेली इमारत कोणती असे कुणी विचारले तर मी तीच सांगेन.

मी त्या गृहस्थांना मुद्दाम विचारले. ते म्हणाले, आधी त्यांच्याकडेही प्लायवूडचे कप्पे होते. लेक पुण्याला शिकते. ती सुट्टीला आली आणि म्हणाली, आप्पा, मी तुमच्या हॉटेलात पाय ठेवणार नाही, तिथं मला कुठं जायचं झालं तर जागा नाही. "सैन्यात पंचवीस वर्षं काढली ताई, बर्फात तंबू ठोकला तरी पयली हीच सोय बघायची असती. आन घरच्या हाटेलात मी ती केली न्हवती." पस्तीस हजार खर्च आला म्हणाले. कप्पे काढून टाकले. आता शिखर शिंगणापूरला, गोंदवल्याला, म्हसवडला जाणारी कुटुंबे त्यांच्याकडे थांबतात आणि दारूपेक्षा जेवणाचा गल्ला जास्त होतो. त्यांच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या दोघी बायका तेच स्वच्छतागृह वापरतात. हॉटेलचे नाव त्यांना विचारून इथे दिले असते, पण ते नको म्हणाले.

ज्यांना परमिट रूम हा शब्द वाचूनच राग आला असेल त्यांना एक सांगते. मी दारूची बाजू घेत नाही. उभी बाटली की आडवी बाटली, या मतदानासाठी मी स्वतः बायकांबरोबर उन्हात फिरले आहे. पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या की मतदान घेता येते आणि निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की गावातले दुकान बंद होते. जिथे मजुरी संध्याकाळी गुत्त्यात जाते तिथे ते झालेच पाहिजे. ह्यांनाही पूर्वी कधीतरी बिअर आवडायची. त्या दिवशी त्यांनी ती मागवली नाही, कारण परत दीडशे किलोमीटर गाडी चालवायची होती आणि मागे मी होते. कायद्यानेही शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर मद्य सापडले तर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. माझे म्हणणे एवढेच आहे की या पट्ट्यात प्रवाशाला सावलीत बसून जेवायला मिळेल अशी बहुतेक जागा परमिट रूमच आहे. ती दारूसाठी असेल, पण तिथे भाकरीही मिळते. म्हणून ती अर्ध्या प्रवाशांना पडद्याआड ढकलू शकत नाही.

गोंदवल्यात महाराजांच्या समाधीचे दर्शन झाले. दुपार टळली होती, प्रसादाची वेळ नव्हती, पण आवारातली स्वच्छता पाहून मी ह्यांना म्हटले, बघा, रोज एवढी माणसे येतात आणि सगळे नीट राहते. दहिवडीहून मायणीचा रस्ता धरला. मायणीच्या तलावावर पूर्वी रोहित पक्षी यायचे. आम्ही पोचलो तेव्हा उजेड कमी होता, काही दिसले नाहीत.

तिथून विट्यापर्यंतचा रस्ता मात्र भीतीचा गेला. अंधार पडला, उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून चालले होते, मागे लाल दिवा नाही. आणि रस्त्याकडेच्या प्रत्येक बारपुढे दहा-पंधरा मोटारसायकली. तोल जाणारी तरुण पोरे त्यावर बसून, हेल्मेटशिवाय, थेट रस्त्यावर येत होती. एकाने ह्यांना इतकी जवळून हूल दिली की गाडी साइडपट्टीवर उतरली. आम्ही पडलो नाही, पण ह्यांचे हात पुढची दहा मिनिटे थरथरत होते. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री नको असा निकाल दिला. पुढे वीस हजारांपेक्षा कमी वस्तीच्या ठिकाणी ते अंतर दोनशे वीस मीटर केले, मग पालिकांच्या हद्दीत सूट दिली. तेव्हा साहेब लोक टेप घेऊन रस्त्यापासून बारच्या दारापर्यंतचे अंतर मोजत होते, हे मी स्वतः पाहिले आहे. याच रस्त्यावर एका महिला स्वच्छतागृहापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतरही कुणीतरी मोजावे. आमच्या गाडीच्या मीटरवर त्या दिवशी दोनशे एक्याऐंशी किलोमीटर झाले. त्यात मला निर्धास्तपणे जाता आले अशा जागा तीन. विटा स्टँड, ते फौजींचे हॉटेल आणि गोंदवले. दोन पेट्रोल पंपांवर विचारले. पंपावर पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह ठेवणे बंधनकारक आहे. एकीकडे दाराला कुलूप होते आणि किल्ली मालकाच्या घरी, दुसरीकडे आत सिमेंटची पोती रचली होती.

म्हणून सांगली आणि सातारा, दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाला माझी विनंती आहे. परमिट रूमचे परवाने दरवर्षी ३१ मार्चला संपतात आणि नूतनीकरण होते. ते दिवस आता आलेच आहेत. नूतनीकरणाच्या वेळी शुल्क भरले का हे जसे पाहता, तसे महिलांसाठी आतून कडी लागणारे, पाण्याचे, उजेडाचे स्वच्छतागृह आहे का, हेही जागेवर जाऊन पाहा. ते ग्राहक बायकांसाठी तर हवेच, पण आत भाकरी थापणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायकांसाठी आधी हवे. पंपांवरची कुलपे काढायला लावा. आणि हॉटेलमालकांना माझे सांगणे आहे की फॅमिली रूम ठेवायची तर ठेवा, कुणाला हवी असेल तर ती तिथे बसेल. पण हॉलमधल्या खिडकीपाशी बसायचे की नाही हे बाईला ठरवू द्या.

माण तालुक्यातल्या बायका काय करू शकतात हे नव्याने सांगायला नको. म्हसवडमध्ये त्यांनी स्वतःची बँक काढायची म्हटले तेव्हा अर्जावर अंगठे आहेत म्हणून पहिल्यांदा परवाना नाकारला गेला. त्या लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. अशा बायकांच्या बचत गटांना या रस्त्यावर दर वीस-पंचवीस किलोमीटरवर एकेक शेड, पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह चालवायला द्या. माडगं, भाकरी, ताक, डाळिंबाचा रस, तासगावचा बेदाणा त्या विकतील. शेजारी एक फलक लावा, त्यावर धाविक, चंडोल, खोकड यांची चित्रे आणि गवताची नावे असू द्या, म्हणजे पुण्या-मुंबईची माणसे इथे काहीच नाही म्हणून गाडी दामटत जाणार नाहीत.

रात्री साडेनऊला घरी पोचलो. हेल्मेट काढल्यावर ह्यांच्या कपाळावर पट्टा उमटला होता आणि पापण्यांवर माणदेशाची धूळ होती. "पुन्हा जायचं?" असे त्यांनी विचारले आणि मी लगेच हो म्हटले. चैत्रात खरसुंडीची यात्रा आहे, तेव्हा त्याच वाटेने जाणार आहोत. सकाळच्या त्या हॉटेलातल्या बाईंनी निघताना माझ्या पिशवीत दोन भाकऱ्या आणि हिरव्या मिरचीचा खर्डा घातला होता, पैसे घेतले नाहीत. मालकांशी मी बोलले आहे, "बघू" म्हणाले. हॉटेलच्या मागे त्यांच्यासाठी चार भिंती आणि दाराला कडी झाली आहे की नाही, हे यात्रेहून आल्यावर आपल्याला कळवीन.

आपली नम्र,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका
विश्रामबाग, सांगली